विभूतीचा ओघळ

गल्लीच्या तोंडाशीच मल्लिनाथनं खिशातून विभूतीचा खडा काढला.

"वहिनी, तीन बोटं ओढा कपाळावर."

"मी रोज लावती का भाऊजी?"

"रोज निवडणूक असती का?"

अंबिका हसली नाही. "समोरच्या पार्टीच्या गुरुबसप्पाला कुणी इचारतं का, घरी पूजा करतोस का म्हणून?"

"त्यो बाप्या माणूस हाय. बाईचं आधी कपाळ बघतेत, मग तोंड. अन् नागम्माअव्वा हाव म्हणली की अख्खी गल्ली हाव म्हणती. मागच्या टायमाला असंच झालं."

अंबिकानं बोटं ओली केली, तीन रेघा ओढल्या. परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारख्या त्या तिच्या कपाळावर अवघडून बसल्या.

मल्लिनाथनं प्रचाराला मुद्दाम सोमवार धरला होता, महादेवाचा वार. या गल्लीत तो पाण्याचा वार निघाला. आठव्या दिवशी नळ आला होता. घागरी, पिंपं, बादल्या, पातेली, सगळं रस्त्यावर. पत्रक घ्यायला एकही हात मोकळा नव्हता.

नागम्माअव्वा तेवढी उंबऱ्यात बसून होती. गुडघ्यावर हात, कपाळ पांढरंशुभ्र. तिनं अंबिकाला न्याहाळलं.

"आज लावलीस व्हय गं?"

"मतं मागायची हायत ना," नळावरून रत्नम्मा बोलली, अन् बायका खुदकन हसल्या. "गुरुबसप्पा काल येऊन गेला. कपाळ कसं भरलेलं! आपसूक हात जोडले जातेत."

अंबिकाचं तोंड उतरलं. मल्लिनाथ पत्रकं चाळू लागला.

अव्वाच्या दोन घागरी नळापाशी आडव्या पडल्या होत्या, रिकाम्या.

"अव्वा, तुमचं पाणी?"

"भरंल कुणीतरी. गुडघे उठू देत न्हाईत."

अंबिकानं पदर खोचला. एक घागर आणली. चार पायऱ्या चढून पिंपात ओतली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. ऊन डोक्यावर आलं. मल्लिनाथ मागून हळूच म्हणत होता, "वहिनी, अजून दोन गल्ल्या राहिल्यात," आणि ती ऐकत नव्हती. सहाव्या घागरीला कपाळावरच्या रेघा सुटल्या. पांढरा ओघळ भुवईवरून उतरला, डोळ्यात गेला. घागर उंबऱ्यात टेकवून ती डोळा मिटून तशीच उभी राहिली.

नळावरचं हसणं थांबलं.

"चुरचुरतंय का गं?"

"हाव."

"बस हितं."

अव्वानं पदराचं टोक घागरीत बुडवलं. तिचा डोळा पुसला, भुवई पुसली. मग हात वर गेला, आणि सगळं कपाळ पुसलं.

"अव्वा, पुसू नका!" मल्लिनाथ पुढं धावला. "आपली पोरं फोटो काढायलेत!"

"काढू दे." अव्वा अंबिकाच्या उघड्या, ओल्या कपाळाकडं बघत होती. "मल्लिनाथा, गुरुबसप्पाची विभूती कधी ओघळल्याली बघितलीस का रे?"

"न्हाई."

"मी बी न्हाई."

नळाची धार बारीक होत चालली होती.

अव्वानं दुसरी, रिकामी घागर उचलली, अंबिकाच्या हातात दिली.

"जा बाई. नळ जाईल."

रत्नम्मानं आपली बादली बाजूला सरकवली.