प्लायवूडची पेटी

मशीन पुन्हा बंद पडलं. सुताराने वरून हात फिरवला, तर पेटी चांगलीच तापलेली.

"मिस्त्री, ही कॉम्प्युटरची पेटी आहे की दागिन्यांचा डबा?" जुने सुटे भाग विकणारा दुकानदार हसला. "हवा जायला फट कुठाय?"

सुतार ओशाळला. फट राहिली म्हणजे काम वाईट, असं मानण्यात त्याचा जन्म गेला होता. लोखंडी पेटी परवडेना म्हणून त्याने उरलेल्या प्लायवूडची केली आणि सवयीने सगळे सांधे घट्ट बसवले. आता तो त्याच पेटीला भोकं पाडायला बसला. उठताना त्याने कंबर धरली.

"रंधा मारून धरली वाटतं?"

"भांडी घासून."

दुकानदाराचं हसू मावळलं. मिस्त्रींची बायको गेल्याचं त्याला माहीत होतं.

ती एका ऑफिसात घरांचे आराखडे काढायची. आजारपणात घरीच, ऑफिसच्या लॅपटॉपवर, तिने शेवटचा एक काढला. कुणाचं काम म्हणून विचारलं, की म्हणायची, "पुरं झालं की दाखवते." दाखवायचं राहून गेलं. लॅपटॉप ऑफिसने नेला. फाइल पेनड्राइव्हवर राहिली, पण इतकी जड, की घरच्या जुन्या कॉम्प्युटरला ती उघडेचना. भरपूर मेमरी हवी होती. नवं मशीन घेणं सुताराच्या आवाक्याबाहेरचं. दुकानदाराने वाट दाखवली: मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेल्या सर्व्हरची मेमरी स्वस्त पडते, फक्त बोर्डही तसलाच घ्यावा लागतो. दोन्हींच्या बदल्यात सुताराने त्याच्या दुकानात फळ्या मारून दिल्या.

"उगाच एवढा खटाटोप," भोकांतून फुंकर मारत दुकानदार म्हणाला. "फाइल इथेच उघडून देतो की. फुकटात."

"नको. तिने घरात बसून काढलंय. घरातच बघतो."

दुसऱ्या दिवशी भांडी आवरून तो मशीनपुढे बसला. पाठ ठणकत होती. स्वयंपाकघरातला ओटा त्यानेच कधीकाळी बायकोच्या मापाने बुटका बांधला होता. "तुम्हाला कुठे इथे उभं राहायचंय!" असं तीच म्हणाली होती. आता दोन्ही वेळ तो तिथे वाकायचा. बाबा, ओटा उंच करून घ्या, म्हणून मुलगी मागे लागली होती. तो ऐकलं न ऐकलं करी. बायकोच्या ओट्याला हातोडा लावणं त्याच्याच्याने होत नव्हतं.

पंखे घरघरले. फाइल हळूहळू उघडली.

घर त्यांचंच होतं. काहीही सुटलं नव्हतं. दाराची वाकडी कडी होती. खिडकीत त्याचा चष्मा होता. कोपऱ्यात त्याची हत्यारांची पिशवी होती, तीसुद्धा तिला आवडायची नाही तिथेच. फक्त स्वयंपाकघर नवं होतं. ओट्याच्या कडेला उंचीचं माप लिहिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. एवढी चूक ती करणारी नव्हती.

तो टेप घेऊन स्वयंपाकघरात गेला. टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि ते माप येईपर्यंत वर ओढलं. टेप जुन्या ओट्याच्या बराच वर जाऊन थांबला. त्याने दुसरा हात तिथे, हवेतच ठेवला.

त्याला वाकावं लागलं नाही.