पाण्यात काय निघालं

तपासणी झाल्याशिवाय आपली लेक या नळाचं पाणी तोंडाला लावणार नाही, असं रीताबाईंनी पाणी समितीच्या सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

लेक म्हणजे अंकिता. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना सरत आलेला. बोरगाव मेघेच्या टोकाला असलेल्या धामतीर वसाहतीची टाकी स्वतंत्र होती आणि ती वसाहतीची समितीच सांभाळायची. नदीचं पाणी गाळून, जंतू मारायला ब्लिचिंग पावडर टाकून घरोघर सोडायचं, अशी पद्धत. अंकितासाठी मात्र रीताबाई किराणा दुकान उघडण्याआधी भावाच्या मळ्यातून बोअरचं पाणी आणत.

अंकिताची मैत्रीण खुशी नागपूरला प्रयोगशाळेत होती. नदीच्या पाण्यात कुजक्या पाल्याचा अंश असतोच, त्यात ब्लिचिंग पडलं की तिसरंच काहीतरी तयार होतं आणि ते वर्षानुवर्षं प्रमाणाबाहेर पोटात जाऊ नये, हे तिच्याकडूनच कळलं होतं. ब्लिचिंग बंद करा असं ती म्हणाली नव्हती. रीताबाईही म्हणत नव्हत्या. त्यांना फक्त तपासून हवं होतं, पण तेवढ्यानंच समितीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सचिव प्रभाकरराव कापडाचे व्यापारी, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी रीताबाईंना टाकीवर नेऊन ब्लिचिंगच्या पोत्यांची छताला टेकलेली थप्पी दाखवली. कशाचीच कमी नाही, म्हणाले. एवढं सगळं पाण्यात ओततात हे पाहून रीताबाईंचा संशय दुप्पट झाला.

बायका त्यांच्या दुकानात येईनाशा झाल्या. जरा दमानं घ्या, असा जावयाचाही फोन आला. रीताबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्याच, आणि खरं सांगायचं तर वसाहतीला अशी एक बाई हवीच होती.

"ते ब्लिचिंगचं तिसरं काई पान्यात निघालं तं समिती सोडान का, भाऊ?" त्यांनी पुढच्या सभेत विचारलं.

"निघनारच नाई. कोन्याबी नळाचं पानी न्या," प्रभाकरराव हसून म्हणाले. "पन नाई निघालं तं?"

"तं इथंच, सगळ्याइसमोर, मी पिईन अन् अंकितालेबी पाजीन."

खुशीनं स्वतः येऊन नळाचं पाणी नेलं. रविवारी ती बसमधून उतरून थेट समाजमंदिरात आली, तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. प्रभाकररावांनी माइक तिच्यापुढे धरला आणि ते निघालं का, एवढंच सांग म्हणाले.

"नाही. शून्य. पण..."

माइक दूर गेला. पुढचं सगळं टाळ्यांत बुडालं. कुणीतरी दारातल्या नळावरून दोन पेले भरून आणले.

रीताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मान खाली घालतील तर शपथ. त्या उठल्या, पहिला पेला उचलला आणि प्रभाकररावांकडे बघत घटाघटा रिकामा केला. दुसरा लेकीच्या हातात दिला.

"पी बेटा. आपन शब्द देल्ला होता."

खुर्च्या सारत खुशी पुढे घुसली आणि तिनं पेल्यावर तळहात ठेवला.

"काकू, ब्लिचिंग पडलं असतं तं ते थोडं तरी निघालं असतं. यात ब्लिचिंगचा कनही नाई. या नळाले नुसती नदी येऊन राह्यली."