आईच्या तक्रारी

फिलिपाइन्समधल्या इलोइलोहून मी ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीचा ब्लॉग लिहिते. ती अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटा-गाद्या विकते. नवे विषय संध्याकाळपर्यंत गेले नाहीत, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आजवर विषय अंथरुणावरच्या आईच्या तक्रारींतून मिळायचे. आज ती शवपेटीत होती. आमच्याकडे दफनापर्यंत पेटीला एकटं सोडायचं नाही, म्हणून शेजारीपाजारी पत्ते खेळत होते, मी लॅपटॉप उघडून बसले होते. “काही सुचत नाही, तिता,” मी मावशीला म्हटलं. “माझी कंबर घे,” मावशी पत्ता टाकत म्हणाली. “माझे गुडघेही घाल,” शेजारचे काका, तितो रोमी म्हणाले. “तुझे गुडघे ऑस्ट्रेलियात कोण वाचणार?” मावशी म्हणाली. सगळे हसले. मी टाइप करत राहिले. मग मावशीनं विचारलं, “रात्री हाक मारायला खाटेला घंटी असते का गं?” आईनं हे कधी विचारलं नव्हतं. मी तिच्या खाटेजवळ चटईवरच झोपायचे. “चांगला विषय आहे,” म्हटलं आणि लिहून घेतला.