आम्ही पापी

सुकलाल पुन्हा ‘आम्ही’ म्हणाला, तशी धुरपदाबाईने प्रार्थना चालू असतानाच डोळे उघडले.

“हे प्रभू, आम्ही पापी आहोत. आमच्या हातून चुका होतात. आम्हांला क्षमा कर.”

सुकलालचा गळा मोठा गोड. डिंडोलीतल्या त्या खोलीत रविवारी संध्याकाळी जमणारी पाच-सात माणसं माना खाली घालून आमेन, आमेन म्हणत होती. दिवसभर लूमचा खडखडाट ऐकणाऱ्या कानांना तो आवाज बरा वाटायचा. धुरपदाबाईच्या मात्र आज तळपायाची आग मस्तकाला गेली. खोली तिची, सभा तिची, आणि सकाळी सुकलालने जे ओकायचं ते तिच्याचपुढे ओकलं होतं.

झालं होतं असं. नळाला पाणी कमी येतं म्हणून या शहाण्याने चोरून पाइपालाच मोटर जोडली. पाइप गेलेला गटाराखालून, आणि त्याला कुठेतरी चीर. मोटर ओढायला लागली की पाण्याबरोबर गटारही आत यायचं, आणि मोटर बंद केली की तीच घाण पुढच्या घरांच्या नळांना. प्लंबरने बोट लावून दाखवलं, तेव्हा याने मोटर काढली, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. तोवर गल्लीत कावीळ घरोघर पोचली होती. याच्याकडे पाणी उकळून प्यायची शिस्त, म्हणून याची पोरं ठणठणीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर सुकं बाजूलाच राहिलं आणि ओलंच जळालं. शेजारच्या सुंदराची पोरगी वर्षा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पडून होती.

सुंदराला सांग, असं धुरपदाबाईने त्याला सकाळीच बजावलं होतं. सभेत सगळ्यांसमोर सांगतो, मावशी, असं कबूल करून तो गेला होता. आणि हे त्याचं सांगणं. आम्ही पापी.

सुंदरा आज पहिल्यांदाच आली होती. ती काही यांच्यातली नव्हे. कपाळाला ठसठशीत कुंकू, दाराशीच अंग चोरून बसलेली. इथे प्रार्थना केली की आजारी माणूस उठतं, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. प्रार्थना संपल्यावर धुरपदाबाईने तिला विचारलं, काय मागायचं आहे बाई तुला?

पोरीला उतार आहे, सुंदरा म्हणाली, देव करो आणि बरी होवो. पण गावाहून सासू आली आहे. ती म्हणते, तूच घाणेरडी, भांडी धड घासत नाहीस, पाणी धड गाळत नाहीस, म्हणून पोर मरायला टेकली. सिव्हिलमधून सुटली की वर्षाला ती पारोळ्याला घेऊन जाणार, ती कायमचीच. नवऱ्यानेही मान डोलावली. सुंदराने हात पुढे केले. घासून घासून बोटांना चिरा पडल्या होत्या.

“माझ्याच हातून काहीतरी पाप झालं असेल, मावशी. ते माफ करायला सांगा तुमच्या देवाला. पोर तेवढी माझ्याजवळ राहू द्या म्हणावं.”

आता तरी याचं तोंड उघडेल, असं धुरपदाबाईला वाटलं. उघडलंही. सुकलालने डोळे मिटले, हात जोडले आणि त्याच गोड गळ्याने सुरू केलं, “हे प्रभू, या आमच्या बहिणीच्या पापांची क्षमा—”

“थांब,” धुरपदाबाई म्हणाली.

सुकलाल थांबला. बाकीच्यांनीही डोळे उघडले. प्रार्थना मध्येच तोडलेली त्या खोलीत कोणी कधी पाहिली नव्हती.

“पाप केलंस एकट्याने. भोगलं गल्लीने. आता कबुलीही सगळ्यांत वाटतोस, आणि वरून हिच्या पदरात टाकतोस?” तिचा आवाज चढला नाही, पण वैतागाने तिला धाप लागली होती. “आपला प्रभू एकटा होता, त्याने सगळ्यांचं आपल्या अंगावर घेतलं. तू तुझं एकट्याचं सगळ्यांच्या अंगावर टाकतोयस. ‘मी’ म्हण. एवढंसं अक्षर आहे. घशात अडकत असेल तर पाणी देते.”

सुकलालने नजर सतरंजीवर खिळवली. मग मोटर, पाइप, गटार, गोणपाट, सगळं बाहेर आलं. मी, मी, असं म्हणत आलं. शेवटी तो रडायलाच लागला आणि प्रभूने मला क्षमा करावी म्हणाला. सवयीप्रमाणे एक-दोघे आमेन म्हणाले. धुरपदाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले.

सुंदरा ऐकत होती. मोटर तुमचीच का, एवढंच तिने एकदा विचारून घेतलं. मग ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दाराशी उभी राहिली. ती कशासाठी उभी आहे हे सुकलालच्या लक्षात आलं. तो घाईघाईने म्हणाला, उद्या सकाळी घरी येतो, आत्ता बाहेर ओट्या-ओट्यावर सगळी गल्ली बसलेली असेल.

“भाऊ, तुमच्या देवाला तर आधीपासूनच ठाऊक असणार,” सुंदरा म्हणाली. “माझ्या सासूला ठाऊक नाही. चला.”