नळी

नवी कोरी गाडी उभी राहिली की वाजे आणि चालू लागली की गप्प होई. डॉक्टर योगीराजांनी ती सोनपेठच्या आपल्या दवाखान्यासमोर सुरू करून उभी केली होती आणि बॉनेट उघडून ते त्या खडखडाटाकडे अशा चेहऱ्याने पाहत होते, जणू घरातलेच कोणी शेवटच्या घटका मोजत आहे. बाजाराचा दिवस होता. ओट्यावर अकरा रोगी खोळंबले होते. पण त्यांच्यापैकी कोणी नवे कोरे नव्हते.

बानूबाई पायरीवर बसली होती. तिचा नंबर खरे तर होऊन गेला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, "पुढचा" म्हटले, आणि छातीला नळी लावली नाही. मागच्या दोन खेपांनाही लावली नव्हती. तिन्ही वेळा ती त्यांच्या गळ्यात होती, महादेवाच्या गळ्यातल्या नागासारखी, नुसती दर्शनाला. महिनाभर झाला, निजले की तिच्या छातीत वाजत होते आणि दम कोंडत होता; पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन ती एसटीतून उतरली होती. तिचे मागणे एवढेच होते की ते कोणीतरी ऐकावे. चाळीस वर्षे तिने मेंढरांच्या बरगड्यांना कान लावला होता. कोणते जगेल, कोणते नाही, हे ती तेवढ्यावर सांगे. माणसाचा कान स्वतःच्या छातीपर्यंत पोचत नाही.

गॅरेजवाल्या सिद्धोधनने लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाशी धरली. मग मान हलवली.

"नीट कळंना, डाक्टर साहेब. तुमची नळी देता का जरा?"

डॉक्टरांनी ती तत्काळ काढून दिली. सिद्धोधनने ऐकले, मग त्यांना राहवेना, त्यांनी स्वतः ऐकले. डोळे मिटून, श्वास रोखून, त्यांनी इंजिनाला सात ठिकाणी नळी लावली. बानूबाईने मोजली. नळीच्या चकतीला काळे वंगण माखले, त्याचे त्यांना काही वाटले नाही.

"इथे जास्त आहे बघ," ते म्हणाले. एवढा हळुवार स्वर ओट्यावरच्या कोणी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सिद्धोधनने नळी पुन्हा आपल्या कानांत घातली. "आतलाच आवाज दिसायलाय, साहेब. इंजिन उघडावं लागंल."

डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"आतलं न्हाई ते," बानूबाई म्हणाली.

"तू गप बस गं म्हातारे. तुझं झालंय ना?"

ती काठीवर भार देऊन उठली. "मेंढराचं दुखणं आतलं आसलं तर पळाल्यावर वाढतंय. हे पळाल्यावर गप व्हायलंय. वरवरचं हाय, साहेब."

गाडीच्या कडेला ती गुडघ्यांवर बसली, वाकली, आणि काठीचे टोक गाडीच्या पोटाखाली नेऊन एका पत्र्यावर दाबून धरले. खडखड तुटली. इंजिनाच्या संथ घुरघुरीवर आता फक्त तिचा दम ऐकू येत होता.

सिद्धोधनने खाली डोकावून पाहिले आणि हसला. "सायलेन्सरवरचा पत्रा! एक नट गळालाय, बस."

"वा, मावशी!" डॉक्टर म्हणाले. म्हातारीची मावशी व्हायला एक नट पुरला. "तुम्ही तर उस्ताद निघालात."

बानूबाई गाडीला धरून उभी राहिली. बोलण्यापुरता दम जमेपर्यंत तिने वेळ घेतला.

"मग साहेब, आता माजंबी ऐका की. निजलं की छातीत लय वाजतंय. उठून बसलं की कमी व्हतंय. येकडाव नळी लावा."

डॉक्टर प्रसन्न होते, आणि प्रसन्न माणसाला विनोद सुचतो. "उठल्यावर कमी होतंय? मग वरवरचंच की, मावशी! नियम तुमचाच. निजूच नका, म्हणजे झालं."

ओटा हसला. त्यातल्या प्रत्येकाचा नंबर अजून यायचा होता.

एकटा सिद्धोधन हसला नाही. नळी त्याच्याच कानांत होती. "वळा, माय," म्हणून त्याने चकती होती तशीच बानूबाईच्या पाठीवर टेकवली. एकदा वर, एकदा खाली. आयुष्यभर लोखंड ऐकलेला तो माणूस. त्याला त्या आवाजाचे नाव ठाऊक नव्हते. पण पाणी कुठे असावे आणि कुठे नसावे, एवढे त्याला कळत होते. त्याने नळी काढली तेव्हा तिच्या लुगड्यावर दोन काळे गोल उमटले होते.

"डाक्टर साहेब," तो म्हणाला, "हे मातर आतलं हाय."

डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत नळी त्याच्या हातून काढून घेतली.

"नीलम! स्पिरिट आण."

नर्स नीलम कापूस आणि बाटली घेऊन बाहेर आली. डॉक्टरांनी चकती पुसली, उलटून पुन्हा पुसली, निगुतीने, कडेकडेने. बोळा काळाकुट्ट झाला. तो त्यांनी आधी नीलमच्या आणि मग साऱ्या ओट्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघितलंस? आंघोळ करून येत नाहीत ही माणसं."