पेन्सिलीतली हरकत

"मॅडम, तुम्ही हरकत घेतल्याचं सांगता, पण इथे तर शाईत तुमची संमतीच आहे." चौकशी अधिकाऱ्याने फाइल वित्त विभागाच्या निवृत्त उपसचिव रांगणेकरबाईंपुढे सरकवली.

त्यांच्या विभागात हरकत आधी समासात पेन्सिलीने लिहायची रीत होती. साहेबांना पटली तरच तिच्यावर शाई चढायची. बारा वर्षांपूर्वी बाईंनी लिहिलं होतं, 'सरकारी कर्जाच्या अटी बँकेनेच लिहून दिल्या आहेत. राज्य व्याजातच बुडेल.'

सचिव वाचून हळहळले होते. "मुद्दा लाख मोलाचा आहे हो, बाई. पण मंत्र्यांनी शब्द दिलाय. कशाला वाईटपणा घेता?" वर्षभरातच ते त्या बँकेचे सल्लागार झाले. आणि यंदा व्याज भागवायला सरकारने बाईंच्या गावचा दवाखाना बंद केला.

बाईंनी कागद खिडकीकडे तिरका धरला. पुसलेल्या अक्षरांचे वळ अजून दिसत होते.

अधिकारी उत्साहाने पुढे वाकला. "म्हणजे हरकत होती तर! सचिवांनी खोडली ना?"

हो म्हणणं सोपं होतं. सचिव गेल्याच वर्षी वारले होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी खोडरबर नुसता पुढे केला. खोडलं मी. कागदावरचे कणही मीच फुंकले."