अडतीस शून्यं

"विचारलं तेवढंच सांगेल ना?" नानांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"तेवढंच," मोनाली म्हणाली. "ही आज्ञा जिथे तो शब्द असेल तेवढ्याच ओळी दाखवते. नसेल तर गप्प बसते."

"असंच पाहिजे माले."

देवपूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासात बाकी सगळी नोकरभरतीची तयारी करणारी पोरं, आणि त्यांच्यात सत्तरीचे नाना एकटे. आठवडाभर रोज एरंडोलहून एसटीनं येत होते. मोनाली तिथं शिकवायची. तिनं हजेरीत 'एरंडोलचे नाना' एवढंच लिहिलं होतं. नाना एका बोटानं टाइप करायचे, आणि अक्षर दाबलं की ते पडद्यावर उगवलं का, हे चष्मा वर करून बघायचे.

त्यांची बायको सुनंदाबाई शाळेत मास्तरीण होती. गेल्या साली वारली. रोज काही ना काही लिहायची. वर्षाला एक अशा अडतीस वह्या मागे ठेवून गेली. नानांनी त्या तौसिफच्या दुकानात टाइप करून घेतल्या. एका वहीची एक फाइल, एका दिवसाची एक ओळ, असं त्यानं चोख काम केलं होतं.

"वाचलं का रे काही?" नानांनी त्याला विचारलं होतं.

"नाना, टायपिंगवाला वाचत बसला तर खाईल काय?"

परवा वर्षश्राद्ध. त्या दिवशी वह्या तापीत सोडायच्या होत्या. त्याआधी नानांना एकच बघायचं होतं. एक नाव त्या वह्यांत आहे की नाही.

"मग सरळ वाचूनच काढा ना," मोनाली म्हणाली.

"पहिल्या पानापासून बठ्ठं वाचायची छाती नाही, बेटा. चाळीस वर्षं तिला एक गोष्ट विचारायची राहून गेली. तेवढ्याचं उत्तर मिळालं की झालं."

"नाव कोणतं?"

नानांनी शेजारच्या पोरांकडे पाहून घेतलं. "अभिमन," ते हळूच म्हणाले.

मोनालीनं आलेलं हसू गिळलं. बायकोच्या वहीत आपलं नाव शोधायला म्हातारा रोज साठेक किलोमीटर येतो. कोणाचं काय, कोणाचं काय.

"भरपूर वेळा येईल बघा," ती म्हणाली.

नानांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाले, "आमच्या आळीत नवऱ्याला नावानं हाक मारणारी तीच पहिली. शिकलेली ना. लोक हसायचे. मला लई भारी वाटायचं."

मग त्यांनी काळ्या पडद्यावर शिकवल्याप्रमाणे एकेक अक्षर दाबलं. आधी ग्रेप, म्हणजे शोध. मग डॅश सी, म्हणजे किती ओळींत ते मोजून सांग. मग नाव. शेवटी स्टार डॉट टीएक्सटी, म्हणजे सगळ्या वह्या. एंटरवर बोट ठेवून बसले, बराच वेळ. मग दाबलं.

अडतीस फाइली, एकाखाली एक. प्रत्येकीपुढे शून्य.

नानांनी काचेवर बोट टेकवून वरून खालपर्यंत सगळी शून्यं मोजली. अडतीस भरली. डोळे पुसले, पडद्याला हात जोडले आणि पायानं चपला चाचपू लागले.

"झालं माझं काम," ते म्हणाले.

मोनालीला ते बघवेना. "बसा नाना. चूक आपली आहे, सुनंदाबाईंची नाही."

"राहू दे बेटा. मला पाहिजे ते मिळालं."

"ऐका तर. बोलताना घेत असतील नाव, कागदावर हात धजला नसेल. माझी आजी रेशनकार्डाच्या फॉर्मवर आजोबांचं नाव माझ्याकडून लिहून घ्यायची. स्वतः कायम 'मालक' म्हणायची. बायका आपल्या माणसाचं नाव लिहीत नाहीत, नाना."

तिची बोटं चालली सुद्धा. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शेकडो ओळी.

"बघा. 'मालक'. एकही वही सुटलेली नाही."

नाना सावकाश खाली बसले. "माझ्याबद्दल?" त्यांचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला. "वाच ना एखादी."

"'आज कळण्याच्या भाकरी केल्या. मालकांना फार आवडतात.'"

"कळण्याच्या?" नाना म्हणाले. "मला तर कळण्यातले उडीद पचत नाहीत."

"विसरला असाल. ही ऐका. 'सुपडू सकाळीच शेतावर गेला, बरं झालं. दुपारी मालक जळगावहून आले. दिवस मावळेपर्यंत लिंबाखाली बोलत बसलो.'" मोनालीनं मान वळवली. "जळगावला नोकरीला होतात का, नाना? आणि हा सुपडू कोण, सालदार गडी?"

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी," ते म्हणाले.